रमजानचा शेवटचा अशरा: मुंबईच्या धबडग्यात इबादत कशी बसवायची

विसावा रोजा येईपर्यंत बहुतेकांची गत सारखीच झालेली असते. पहिल्या आठवड्यात तरावीहला, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या खास नमाजेला, मशिदीत पाय ठेवायला जागा नसते, दुसऱ्यात सफा (नमाजींच्या रांगा) विरळ होतात आणि तिसरा अशरा (शेवटचे दहा दिवस) लागतो तेव्हा अर्धी मुंबई मोहम्मद अली रोडवर कपडे-चपला घ्यायला उतरलेली असते. त्यात सध्या काही वर्षं रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतोय, म्हणजे घरात मुलांच्या परीक्षा आणि ऑफिसात मार्चएंड. ज्या दहा रात्रींसाठी आधीचे वीस दिवस अंग तयार करायचं, नेमक्या त्याच रात्री पिशव्या उचलण्यात जातात.

हा लेख नवख्यांसाठी आहे. रत्नागिरी-रायगडहून किंवा मराठवाड्यातून नोकरीला येऊन पहिलाच रमजान मुंबईत काढणाऱ्यांसाठी. लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःचं घर सांभाळणाऱ्या मुलींसाठी. आणि रोजे लहानपणापासून ठेवतात पण शेवटच्या दहा रात्री कधी नीट जागवल्या नाहीत, अशा सगळ्यांसाठी. आमचं घर कोकणी, मजहब (धर्मशास्त्राची परंपरा) शाफई. राहतो मात्र कुर्ल्यात, जिथे आजूबाजूच्या मशिदी बहुतेक हनफी. त्यामुळे दोन्हीकडच्या पद्धती रोज डोळ्यासमोर असतात. मसला (धर्मनियमाचा प्रश्न) अडला तर तुमच्या मशिदीच्या इमामसाहेबांनाच विचारा. मी सांगतेय ते वेळेचं आणि अंगातल्या ताकदीचं गणित.

आधी रात्रींचा हिशेब नीट लावा

इस्लामी तारीख मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला, बदलते, मध्यरात्री नाही. त्यामुळे विसावा रोजा सोडलात की त्याच संध्याकाळी एकविसावी रात्र सुरू होते. शेवटचा अशरा तिथूनच लागतो. बरेच नवखे एकविसावा रोजा झाल्यावर रात्री जागायला बसतात आणि पहिली ताक रात्र हातची जाते. ताक रात्री, म्हणजे विषम आकड्यांच्या, पाच: 21, 23, 25, 27 आणि 29. कॅलेंडरवर इंग्रजी तारखेसमोर आजच लिहून ठेवा: 'आज मगरिबपासून 23वी' वगैरे.

शब-ए-कद्र या रात्रींत शोधायला सांगितलं आहे. कुरआनच्या 97व्या सूऱ्यात या रात्रीला हजार महिन्यांहून श्रेष्ठ म्हटलंय. हजार महिने म्हणजे 83 वर्षं आणि 4 महिने, एका माणसाचं अख्खं आयुष्य. नेमकी कोणती रात्र ते सांगून ठेवलेलं नाही. आपल्याकडे मात्र सत्तावीसवीलाच 'बडी रात' म्हणायची रीत पडली आहे. त्या रात्री मशिदी दिव्यांनी उजळतात, पोरं मोटारसायकली घेऊन फिरतात, आणि अठ्ठावीसवीला तीच मशीद पाहिली तर दोन सफा भरायची मारामार. माझं म्हणणं सरळ आहे: सगळी ताकद सत्तावीसवीवर लावू नका. दहाही रात्री थोडी थोडी इबादत करा. एका रात्री शंभर रकाती (नमाजेची आवर्तनं) पढून पुढचे दोन दिवस पहाटेची फजर कजा करण्यापेक्षा, म्हणजे वेळ चुकवण्यापेक्षा, रोजच्या चार रकाती कितीतरी बऱ्या.

आणखी एक गोष्ट. सौदीचा चांद आपल्याआधी दिसतो, बहुतेक वर्षी एका दिवसाचा फरक पडतो. मोबाइलवर मक्केचं थेट प्रक्षेपण बघून 'आज तिकडे सत्तावीसवी' म्हणाल, तर इकडे सव्वीसवी असेल. दहाही रात्री धरल्या की हा घोळच उरत नाही.

बाजार विसाव्या रोज्याआधी उरका

हे इबादतीत मोडत नाही असं वाटेल, पण सगळं यावरच अडतं. कपडे, शिवणकाम, मुलांच्या चपला, शीरखुर्म्याचा सुकामेवा, गावी पाठवायचं सामान, सगळं दुसऱ्या अशऱ्यात आटपा. शिंपी तसाही पंधराव्या रोज्यानंतर कपडा हातात घेत नाही. गावी जायचं असेल तर कोकण रेल्वेचं तिकीट ऐन वेळी मिळणार नाही, हे कोकणातल्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

मिनारा मशिदीच्या बाजूला मालपुवा, फिरनी, नल्ली निहारी खायला जायची हौस असतेच, आणि ती भागवावी. मित्रमंडळींसोबत, त्यात बिगरमुस्लिम मित्रही आले, एखादी संध्याकाळ पहिल्या पंधरवड्यात ठरवून टाका. शेवटच्या दहांत तिथे गेलात तर गर्दीतून बाहेर पडायलाच तास जातो, आणि घरी पोहोचल्यावर डोळे उघडे ठेवायची शक्ती राहत नाही.

त्याच भागात तरावीह पढायची इच्छा असेल तर परतीचा विचार आधी करा. शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सुटते आणि पुढची पहाटे चारच्या सुमारास. मुंब्रा किंवा मीरा रोडला राहणाऱ्याची सहरी मग स्टेशनच्या बाकड्यावर. रोजची तरावीह घराजवळच्या मशिदीत पढा. मोठी मशीद बघायचीच असेल तर सुट्टीच्या दिवशी जोहरला (दुपारच्या नमाजेला) क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीत जा. 1802 मध्ये पूर्ण झालेली ही मशीद कोकणी मुसलमानांची. तिच्या पोटात जुनं तळं आहे, ते बघण्यासारखं आहे.

तरावीह संपत नाही

मुंबईत व्यापारी आणि फिरतीवरची माणसं पाच, सहा किंवा दहा दिवसांच्या तरावीहला जातात. रोज तीन ते सहा पारे (कुरआनच्या तीस भागांपैकी) ऐकून कुरआन लवकर पूर्ण होतो. सोय म्हणून ठीक. पण खत्म झाला म्हणजे तरावीहपासून सुटका झाली, हा समज अगदी सर्रास दिसतो आणि तो चूक आहे. कुरआन पूर्ण ऐकणं वेगळं आणि तरावीहची नमाज वेगळी. ईदचा चांद दिसेपर्यंत ती रोज आहे. सूरा तरावीह असेल तिथे जा, लहान सूऱ्यांत लवकर आटोपते.

कोकणातून आलेल्यांना हनफी मशिदीत वित्रला, रात्रीच्या शेवटच्या नमाजेला, गोंधळल्यासारखं होतं. शाफई पद्धतीत वित्रच्या तीन रकाती दोन आणि एक अशा तोडून पढतात, आणि रमजानच्या दुसऱ्या पंधरवड्यात शेवटच्या रकातीत रुकूनंतर (कमरेत वाकून झाल्यावर) कुनूत ही दुआ म्हणतात. हनफी इमाम तीन रकाती सलग पढवतो आणि कुनूत रुकूआधी, तीही मनात. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेच्या, वेळेतही फरक आहे. हनफी मशिदीत असर उशिरा होते. यावरून मशिदीत वाद घालायला उभे राहू नका. ज्याच्या मागे उभे आहात त्याच्या मागे पढा, किंवा वित्र राखून ठेवा आणि घरी तहज्जुदनंतर (झोपेतून उठून पढायच्या ऐच्छिक नमाजेनंतर) स्वतः पढा. शेवटच्या अशऱ्यात हे दुसरं तसंही चांगलं, रात्रीची शेवटची नमाज वित्र होते.

रात्रीची मांडणी

मार्चच्या मध्याला मुंबईत मगरिब साधारण पावणेसातला होते आणि सहरी साडेपाचच्या सुमारास संपते. म्हणजे रात्र पावणेअकरा तासांची. तिचा शेवटचा तिसरा हिस्सा, जो दुआ कबूल होण्याचा वेळ मानला जातो, सुरू होतो पहाटे दोनच्या जरा आधी. सकाळी आठची लोकल पकडणाऱ्या माणसाने दोनपासून साडेपाचपर्यंत रोज जागावं असं मी म्हणणार नाही. पण सहरीसाठी तुम्ही पावणेपाचला उठतच असता, चारला उठा. एवढंच. पाऊण तास मिळतो.

नोकरदाराची रात्र मला अशी बसवता येते असं दिसलंय: इफ्तार हलकी, मगरिब, मग अर्धा तास आडवं होणं. इशा (रात्रीची नमाज) आणि तरावीह जमातीने, म्हणजे इमामामागे एकत्र. साडेदहाला झोप, मोबाइल दुसऱ्या खोलीत. चारला उठून वुजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं), चार किंवा आठ रकाती तहज्जुद दोन-दोन करून, वित्र राहिली असेल तर ती, मग दहा मिनिटं नुसती दुआ, मग सहरी. फजर जमातीने. फजरनंतर तासभर झोप मिळाली तर ती घ्या, त्यात काही कमीपणा नाही. ताक रात्रींना हेच तासभर आधी सुरू करा.

रात्रपाळीवर असाल, वॉचमन असाल, कॉल सेंटरला असाल, इस्पितळात ड्युटी असेल, तर मुस्लिम शरीफ या संग्रहातली हदीस (पैगंबरांचं वचन) लक्षात ठेवा: ज्याने इशा जमातीने पढली त्याने जणू अर्धी रात्र इबादत केली, आणि ज्याने फजरही जमातीने पढली त्याने जणू अख्खी रात्र. या दोन जमाती धरा. बाकी वेळ ओठांवर तस्बीह (अल्लाहचं नामस्मरण) चालू ठेवा, तिला ना मुसल्ला (नमाजेची चटई) लागतो ना रजा.

गजराचंही सांगते. रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्यांना मनाई असते, त्यामुळे फजरची अजान गावच्यासारखी घरात ऐकू येईल या भरवशावर राहू नका. मशिदीचं छापील वेळापत्रक फ्रिजवर लावा आणि फोनवर दोन गजर. चाळीत किंवा पीजीत दुसऱ्या धर्माचे रूमपार्टनर असतील तर फोन उशीखाली कंपनावर ठेवा. पहिल्याच दिवशी त्यांना सांगून ठेवा की दहा रात्री चारला दिवा लागेल. बहुतेक जण समजून घेतात, एखादा तर सहरीच्या चहालाही उठतो.

काय पढायचं

यादी जेवढी छोटी तेवढी ती पाळली जाते. हजरत आयेशा यांनी विचारलं, शब-ए-कद्र मिळाली तर काय म्हणू? त्यावर पैगंबरांनी (स.) शिकवलेली दुआ ही:

अल्लाहुम्म इन्नक अफुव्वुन तुहिब्बुल अफ्व फअ्फु अन्नी.

अर्थ: हे अल्लाह, तू माफ करणारा आहेस, माफ करणं तुला आवडतं, तेव्हा मला माफ कर.

एवढी पाठ करा, विसाव्याच्या आत. चालता-बसता, लोकलमध्ये दांडीला लटकताना, कुकरच्या शिट्टीची वाट बघताना, कुठेही म्हणता येते. बाकीची दुआ मराठीतच मागा. नमाजेच्या बाहेर हात उचलून आपल्या भाषेत बोलायला काहीच हरकत नाही, उलट काय मागतोय ते आपल्याला तरी कळतं. मी एका छोट्या वहीत नावं लिहून ठेवते: आजारी माणसं, कर्जात अडकलेला एक नातेवाईक, वारलेले. पहाटे चारला डोकं चालत नाही, तेव्हा वही उघडली की काम होतं.

कुरआनचं गणित सोपं आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पंधरा ओळींच्या मदनी प्रतीत 604 पानं असतात, एका पाऱ्याची साधारण वीस. प्रत्येक फर्ज (बंधनकारक) नमाजेनंतर चार पानं वाचली की दिवसाला एक पारा होतो. जे मागे पडलेत त्यांनी घोडदौड करून उरलेले पंधरा पारे संपवण्यापेक्षा रोज एक पारा आणि त्यातल्या एका रुकूचा (इथे रुकू म्हणजे कुरआनातला छोटा भाग) अर्थ मराठी अनुवादातून वाचावा, असं माझं मत आहे. मराठी अनुवाद सहज मिळतात. आपल्या माहीमचे मखदूम अली माहिमी (1372–1431) कोकणातलेच, शाफई, आणि त्यांनी कुरआनची अरबीत तफसीर (भाष्य) लिहिली. आपण त्यांच्या दर्ग्यावर चादर चढवायला जातो, मग अर्थाचं एक पान उलटायला काय हरकत आहे?

अरबी वाचता येत नसेल तर लाजू नका. येतात तेवढ्याच सूऱ्या पुन्हा पुन्हा पढा, आणि ऐका.

चूल आणि इबादत

या भागावर कुणी बोलत नाही म्हणून जरा जास्त लिहिते. घरातले पुरुष तरावीहला गेले की बाई भांडी घासत असते, ते परत येतात तेव्हा ती सहरीचं पीठ मळत असते, आणि ताक रात्री तिच्या वाट्याला येतो तो ओटा. हदीसमध्ये मात्र असं आलंय की शेवटचा अशरा लागला की पैगंबर (स.) कंबर कसायचे, रात्र जागवायचे आणि घरच्यांनाही उठवायचे. इबादतीसाठी उठवायचे, भजी तळायला नाही.

म्हणून या दहा दिवसांत इफ्तारीचा पसारा कापा. खजूर, फळं, एक काहीतरी गरम, पुरे. तळण फक्त शुक्रवारी. दुसऱ्या अशऱ्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे खिम्याची टिक्की आणि सामोसे करून फ्रीझरमध्ये जातात, वाटण आठ दिवसांचं करून बर्फाच्या ट्रेमध्ये जमवून ठेवते, एकेक वडी काढली की कालवण वीस मिनिटांत होतं. सहरीला तांदळाची भाकरी आणि दही किंवा अंडं. तिखट नको, नाहीतर दुपारी बारालाच घसा कोरडा पडतो. आणि भांडी घरातल्या मुलग्यांनी घासायची, हे दहा दिवस तरी.

पाळी आली तर नमाज आणि रोजा नाही, पण दहा रात्री वाया गेल्या असं मनात आणू नका. वर दिलेली दुआ, दरूद (पैगंबरांसाठी दुआ), इस्तिगफार (माफी मागणं), तस्बीह, कुरआन ऐकणं, सदका (ऐच्छिक दान), हे सगळं खुलं आहे. नमाजेच्या वेळी वुजू करून मुसल्ल्यावर दहा मिनिटं बसायची सवय ठेवली तर लयही मोडत नाही.

इतिकाफ

शेवटच्या दहा दिवसांचा इतिकाफ, म्हणजे इबादतीसाठी मशिदीत मुक्काम, करायचा असेल तर विसाव्या रोज्याला सूर्य मावळायच्या आत मशिदीत असायला हवं, आणि ईदचा चांद जाहीर झाला की तो संपतो. हनफी मतानुसार ही सुन्नत किफाया आहे: मोहल्ल्यातून एकजण बसला तरी सगळ्यांच्या वतीने होते, कुणीच बसलं नाही तर सगळ्यांवर ठपका. बायका हनफी मतानुसार घरात नमाजेसाठी ठरवलेल्या जागी बसतात. शाफई मतानुसार इतिकाफ मशिदीतच होतो, बाईचाही, आणि मुंबईत बायकांसाठी वेगळी जागा असलेल्या मशिदी मोजक्याच. चौकशी करूनच ठरवा.

पुरुषांनी पंधराव्या रोज्याच्या आसपास ट्रस्टकडे नाव द्यावं. जागा मर्यादित असते, आणि काही ठिकाणी ओळखपत्र मागतात. सोबत पातळ गादी, दोन चादरी, एक जुनी साडी किंवा चादर पडद्यासाठी, नाडा, साबण, मिसवाक, औषधं. बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारूनच बसा. संडास, वुजू, फर्ज गुसल (बंधनकारक अंघोळ) अशा गरजेशिवाय मशिदीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. हद्द कुठे संपते ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कारण मुंबईच्या दाटीत मशिदीचा जिना, ऑफिस, खालची दुकानं हद्दीत येतीलच असं नाही.

माझा धाकटा भाऊ बसला होता तेव्हा डबा पोचवायचं काम घरच्यांकडे होतं. मगरिबच्या आधी मशिदीच्या पायरीवर वीस-पंचवीस स्टीलचे डबे ओळीने, सगळे सारखेच. तेव्हा झाकणावर नेलपॉलिशने नाव लिहा. पातळ कालवण देऊ नका, सांडतं आणि चटईवर डाग पडतो. सुकं मटण, भाकरी, कांदा. आणि दोन माणसांचं जास्त द्या. शेजारी बिहारचा, बंगालचा कुणी एकटा कारागीर बसलेला असतोच, त्याचा डबा कुठून येणार?

इतिकाफमध्ये सर्वांत मोठा धोका म्हणजे गप्पा, त्याखालोखाल मोबाइल. साधा फोन घेऊन जा.

दहा दिवसांची रजा मिळत नसेल तर नफ्ल (ऐच्छिक) इतिकाफ करा. मशिदीत शिरताना नुसती नियत करायची, जितका वेळ आत आहात तितका वेळ इतिकाफ. इशापासून तरावीहपर्यंतचा दीड तासही चालतो.

फॉरवर्डपासून सांभाळा

या दिवसांत व्हॉट्सअॅपवर अमुक रात्री अमुक रकाती, प्रत्येकीत अमुक सूरा इतक्या वेळा, असे तक्ते फिरतात. त्यातल्या बहुतेकांना आधार नाही. 'अलविदा जुम्म्याला (रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी) चार रकाती पढा, आयुष्यभराच्या कजा नमाजा माफ' हा तर दरवर्षीचा. उलमांनी तो पुन्हा पुन्हा खोडून काढलाय. सुटलेल्या नमाजा एकेक करूनच फेडाव्या लागतात. हवं तर या दहा दिवसांत रोज नफ्लऐवजी एका दिवसाच्या कजा पढा.

जकात, फित्रा, चांदरात

जकातीचा (दरवर्षीच्या बंधनकारक दानाचा) हिशेब अजून केला नसेल तर एक दुपार काढा. साडेबावन्न तोळे चांदीइतकी, म्हणजे 612.36 ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर असेल तर अडीच टक्के. दागिने, एफडी, उसने दिलेले पैसे धरा. शाफई मतात बाईच्या रोजच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही, हनफीत आहे. आपल्या इमामांना विचारा. सदक्यासाठी ठेवलेली रक्कम असेल तर तिचे दहा भाग करून रोज मगरिबनंतर एकेक द्या, म्हणजे शब-ए-कद्र कोणतीही असो, त्या रात्रीचा सदका चुकत नाही.

एकोणतिसावा रोजा सुटला की चांद दिसू शकतो. म्हणून काहीही 'तिसाव्या रात्री करू' म्हणून मागे ठेवू नका. चांद झाला की तकबीर ('अल्लाहु अकबर'चा घोष) सुरू करा, ओट्यापाशी शीरखुर्मा ढवळतानाही म्हणता येते.

फित्रा, म्हणजे ईदच्या नमाजेआधी द्यायचं दान, घरातल्या प्रत्येक माणसामागे असतो, तान्ह्या बाळासकट. हनफी हिशेबाने साधारण पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत, आणि आकडा मशिदीच्या फलकावर लागतो. शाफई हिशेबाने रोजच्या खाण्यातलं धान्य, आपल्याकडे तांदूळ, माणशी अडीच ते तीन किलो, आणि तो धान्याच्याच रूपात. शाफई मतात रमजानच्या सुरुवातीपासून कधीही देता येतो, तेव्हा शेवटच्या दोन-तीन दिवसांत देऊन मोकळे व्हा. घेणाऱ्यालाही ईदची तयारी करायची असते. ईदची नमाज झाल्यावर दिलात तर तो फित्रा राहत नाही, साधा सदका होतो.